सुपडामावशीच्या दारवर

धुळ्याच्या जुन्या भागातल्या गल्ल्यांना आमच्या लहानपणी नावं नव्हती, नंबर होते. ज्यानं त्या आखल्या त्याला बहुधा कुणाचाच गौरव करायचा नव्हता, आणि निव्वळ एवढ्यासाठी त्या अनोळखी माणसाबद्दल मला आयुष्यभर आदर वाटत आला आहे. आमची खानावळ पाच नंबरच्या गल्लीत होती. तिलाही नाव नव्हतं. लोक 'नानांकडे जेवतो' म्हणत. नाना म्हणजे माझे वडील. स्वयंपाक माय करायची, पण 'मायकडे जेवतो' असं म्हणालेला माणूस मला आठवत नाही. पुढच्या खोलीत पट्ट्या अंथरून दोन पंगती सकाळी, दोन संध्याकाळी. जेवणारे सगळे कचेऱ्यांतले कारकून, कोर्टातले लिहिणारे, एक-दोन मास्तर. बायकामुलं गावी ठेवून शहरात नोकरी करणारे लोक. नाना वाढायचे, हवं-नको पाहायचे, हवापाण्यावर बोलायचे. मागच्या खोलीत माय आणि मी. थोरली अक्का लग्न होऊन शिरपूरला गेली, तेव्हा तिच्या वाट्याच्या पोळ्या माझ्याकडे आल्या. बाकी तिच्या वाट्याचं काही आलं नाही.

त्या घराचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पहाटे चारला चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या कडकड वाजायच्या. मग भाकरी थापण्याचा एकसारखा आवाज, मध्येच तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र, मग मिरच्या भाजल्याचा ठसका, आणि त्या ठसक्यानं गल्लीतलं पहिलं माणूस जागं व्हायचं. साडेदहाला सगळे आपापल्या कचेरीत निघून गेले की घरात एकदम शांत व्हायचं, आणि ती शांतता मला सगळ्यात जास्त सतावायची. माय दुपारी पिठाच्या पोत्याला डोकं टेकून अर्धा तास पडायची. डोळे मिटलेले असायचे, पण उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरत राहायचा. झोपेतही तिची एक भाकरी चालूच असायची. मी समोर बसून, डाळ-मिरच्या ज्या कागदांत बांधून यायच्या ते कागद सरळ करून वाचायची. मासिकांची पानं, रद्दीत गेलेली पुस्तकं, कुणाच्या तरी प्रबंधाचा मधलाच तुकडा. माझं निम्मं वाचन असं झालं, आणि शेवटचं पान बहुतेक वेळा दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या हळदीला गेलेलं असायचं. शेवटांवर माझा फारसा विश्वास नाही, त्याचं मूळ तिथं असावं.

खानावळीत एक शब्द फार चालायचा: खाडा. जेवणारा गावी निघाला, की आदल्या दिवशी हात धुता धुता सांगायचा, 'नाना, उद्या माझा खाडा.' झालं. त्याचं ताट लागायचं नाही. कुणाला लग्न असायचं, कुणाला नुसताच कंटाळा आलेला असायचा. कारण कुणी विचारत नसे. मला त्या शब्दाचा हेवा वाटायचा. वीस माणसांतल्या कुणालाही न जेवण्याची सुट्टी होती, पण रांधण्याची सुट्टी रांधणारीला नव्हती. नाना दुष्ट होते असं कुणी समजू नये. ते स्वतःही वर्षाचे सगळे दिवस पायांवर उभे असायचे. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की सरकार एक दिवस बंद राहिलं तर कुणाचं अडत नाही, पण खानावळ बंद राहिली तर वीस माणसं उपाशी राहतात. यातलं पहिलं निरीक्षण अगदी बरोबर होतं, त्यामुळे दुसऱ्याशी भांडता यायचं नाही.

खानावळ फक्त एका गोष्टीसाठी बंद राहायची, ती म्हणजे मरण. आमच्याकडे कुणी गेलं, की नातेवाइकांनी त्या घरी भेटायला जायचं, बसायचं, रडायचं, दोन घास खाऊन यायचं. याला दारवर जाणं म्हणतात. लग्न एखादं चुकलं तर चालतं. दारवर गेलं नाही तर तीन पिढ्या बोलून दाखवतात. या बाबतीत नाना फार काटेकोर होते. मायच्या माहेरचं दूरचं माणूस गेलं तरी ते स्वतः तिला एसटीत बसवून द्यायचे आणि परत येईपर्यंत खानावळ बंद ठेवायचे. दुसऱ्या बाईच्या हातचं वीस जणांना चालेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्या आठवणीतल्या बारा-तेरा वर्षांत माय गावाबाहेर जितक्या वेळा गेली, तितक्या वेळा कुणीतरी मेलेलं होतं. आणि मला हे फार लवकर लक्षात आलं होतं, की प्रत्येक मरणावरून माय जरा ताजी होऊन येते. आजोबांच्या वेळी ती खरी रडली. मामाच्या वेळीही. पण त्यानंतरच्या चुलत-मावस नातेवाइकांच्या वेळी ती परतायची तेव्हा तिच्या डोळ्यांखालचं काळं थोडं उतरलेलं असायचं. चार बायकांत भिंतीला टेकून बसायला मिळायचं, कुणीतरी आयतं ताट पुढं करायचं, आणि दुःखात असल्यामुळे 'ऊठ, पाणी आण' असं कुणी म्हणायचं नाही. मी हे वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात पाहिलेलं नाही, पण माणूस दुसऱ्याच्या मरणावर विसावा घेऊ शकतो.

जेवणाऱ्यांत देवरेसाहेब म्हणून एक होते. एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. 'साहेब' हे त्यांनी स्वतःच जोडून घेतलं होतं, आणि आठवडाभर न चुकता वापरल्यावर बाकीच्यांनीही. त्यांनी आमच्या जेवणाऱ्यांचं एक भोजन मंडळ काढलं होतं. मंडळाला अध्यक्ष होते (ते), चिटणीस होते (तेच), आणि एक रबरी शिक्का होता. भाजीत मीठ जास्त झालं तर इतर लोक ताक मागायचे; देवरेसाहेब सूचना मांडायचे. पुढच्या खोलीत एक फळा होता. त्यावर त्या दिवशीची भाजी मी खडूनं लिहायची. साहेब जेवायला बसण्याआधी माझं शुद्धलेखन तपासायचे आणि 'डुबुकवडे'मधला उकार अंगठ्यानं दुरुस्त करायचे. त्या फळ्याचं पुढं काय झालं ते येईलच.

ती माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेनंतरची सुट्टी होती. म्हणजे शाळेला सुट्टी होती. आखाजी जवळ आली होती. बाहेरच्या वाचकांना अक्षय्य तृतीया म्हटलं की सोनाराची जाहिरात आठवेल. खानदेशात आखाजी हा बायकांचा सण आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि दोन-तीन दिवस कुणीही त्यांना काम सांगत नाही. शेतावर सालानं राहिलेल्या गड्याचं सालसुद्धा आखाजीला संपतं. तोही चार दिवस मोकळा असतो. लग्नानंतर पहिली दोन वर्षं सोडली तर माय आखाजीला माहेरी गेली नव्हती. तिचे आईवडील, भाऊ सगळे गेले होते. राहिली होती ती एक मावशी, पिंपळनेरच्या पुढच्या खेड्यात. सुपडामावशी.

हे नाव असं का, ते सांगायला हवं. तिच्या आधीची तीन भावंडं जन्मून गेली होती. म्हणून ही जन्मली तेव्हा तिला सुपात घालून शेजारणीच्या दारात ठेवलं आणि मूठभर ज्वारी देऊन परत घेतलं. अशा मुलीचं नाव सुपडी. मरणाला वाटावं, हे यांचं पोर नाही, कुणाचं तरी टाकलेलं आहे, आणि त्यानं पुढच्या घरी जावं. युक्ती लागू पडली. सुपडामावशीला साप चावला, ती विहिरीत पडली, दोनदा तिला पटकी झाली, आणि ती प्रत्येक वेळी उठून चुलीशी बसली. मायपेक्षा ती दहा-बारा वर्षांनीच मोठी होती, स्वतःचं मूल नव्हतं, आणि मायला ती लेकीसारखंच वागवायची.

आखाजीच्या दहा दिवस आधी तिच्या गावचा एक माणूस कोर्टाच्या तारखेला आला होता. त्याच्याकडून तिनं निरोप पाठवला, झोका बांधला आहे, कमळला तीन दिवस पाठवा. कमळ म्हणजे माय. निरोप नानांनीच घेतला, त्या माणसाला जेवू घातलं, आणि हसून सांगितलं की इथं कसं जमणार. खरं तर आखाजीला निम्मे जेवणारे गावी जायचे. पंगतीत आठ-नऊ जण उरायचे. पण बंद म्हणजे बंद आणि चालू म्हणजे चालू. त्या दुपारी माय नानांशी बोलली. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. ती लसूण सोलत होती, ते सुपारी कातरत होते. मान वर न करता ती म्हणाली, "सालदारले बी आखाजीनी सुट्टी ऱ्हास."

नाना शहरात राहून शहरासारखं बोलायचे. म्हणाले, "सालदाराला साल असतं. आपल्याला दोन टाइम असतात."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं असावं, कारण संध्याकाळी त्यांनी ते देवरेसाहेबांनाही ऐकवलं. त्या दिवसापासून मायच्या हातून गोष्टी पडायला लागल्या. सांडशी पडली, वाटी पडली, एकदा अख्खं वरण उतू गेलं. ती उठायची, बसायची, दाराशी जाऊन गल्लीत बघायची, परत यायची. तिला पाहून मलाही एका जागी बसवेना. कागदांवरची अक्षरं वाचायची आणि कळायची नाहीत.

आखाजी दोन दिवसांवर आली असताना आम्ही दोघी भाजी बाजारात गेलो. परत आल्यावर मायनं पिशवी खाली ठेवली, भिंतीला टेकून बसली आणि सांगितलं, बाजारात पिंपळनेरकडचं माणूस भेटलं, सुपडामावशी गेली. नानांनी डोक्यावरची टोपी काढली. कशानं, असं त्यांनी विचारलं. "झोपेत," माय म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला.

मी पूर्ण वेळ तिच्यासोबत होते. बाजारात आम्हाला एका कोथिंबीरवालीशिवाय कुणीही भेटलं नव्हतं. मी मायकडे पाहिलं. पदराच्या वर तिचे डोळे माझ्यावर होते, अगदी कोरडे. त्या नजरेत धमकी नव्हती. आपण मिठाचा अंदाज विचारतो ना, पुरे का, तसं काहीतरी होतं. मी सोळा वर्षांची होते आणि मला झोक्यावर बसायचं होतं. मीही रडायला सुरुवात केली.

नाना आम्हाला स्टँडवर पोचवायला आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहिले. बाई चांगली होती, म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला. आमच्या लग्नात हिनंच मला पहिला घास भरवला होता, म्हणाले. माय पदराआड गदगदत होती. ती तेव्हा हसत होती की रडत होती, हे मी तिला पुढं कधीही विचारलं नाही. साक्रीचा रस्ता लागला, शेवटची घरं मागे गेली, तेव्हा तिनं तोंड पुसलं, पिशवीतून मुरमुरे काढून माझ्यापुढं धरले आणि विचारलं, "खास का?"

सुपडामावशी अंगणात खापरावर मांडे टाकत होती. मेलेली बाई इतकी धडधाकट पाहून मला क्षणभर संकोच वाटला. तिला आपल्या मरणाची कल्पना नव्हती, आणि सांगायचं नाही असं मायनं मला गाडीतच बजावलं होतं. ती आम्हाला पाहून खापर सोडून धावली, जवायाला सुबुद्धी झाली म्हणाली, आणि आंब्याचा रस, मांडे, सांजोऱ्या, तळलेल्या कुरडया असं सगळं पुढं केलं. माय जेवली आणि लगेच ताटं घासायला उठली. मावशीनं तिच्या हातातून ताट ओढून घेतलं आणि इथली चूल आपली आहे असं बजावलं.

"आठे चुल्हा मन्हा शे. तू बस."

पण मायला बसता येईना. त्या तीन दिवसांतलं माझ्या मनात राहिलंय ते हेच. पहाटे चारला ती अंथरुणात उठून बसली आणि अंधारात चूल शोधायला लागली. सकाळी बायका झोक्याशी जमल्या, गाणी सुरू झाली, तर ही मध्येच उठून कुणाचं तरी पोर धुऊन आली. निंबाच्या सावलीत बसवलं तर खाली पडलेल्या काड्या गोळा करून जुडी बांधून ठेवली. सूर्य एका ठरावीक उंचीवर आला की ती वर बघायची आणि म्हणायची, "आते पहिली पंगत बसनी व्हई." तिला आठवत नव्हतं का, की पंगत बसणारच नाही, खानावळ तिनंच बंद केली आहे? आठवत असणारच. पण हातांना कोण सांगणार. झोक्यावर बसली तेव्हा तिनं पाय जमिनीवरून उचलले नाहीत; धुळीत दोन रेघा ओढत ती पुढंमागं होत राहिली. मी स्वतः इतक्या उंच झोके घेतले की गावच्या पोरींनी मला ओरडून खाली उतरवलं, पण प्रत्येक झोक्याला वरून माझी नजर मायकडे जायची, आणि तिला तिथं तशी चुळबुळत पाहून मला तिचा राग यायचा. एवढं माणूस मारून आलो आपण, निदान बस तरी, असं ओरडावंसं वाटायचं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सुपडामावशीनं मेंदी भिजवली. माय नको नको म्हणत होती. मावशीनं तिचे दोन्ही हात धरले, तळव्यांवर, बोटांवर मेंदी थापली, आणि म्हणाली, आता हलव बघू हात. तेव्हा मला त्या बाईची हुशारी कळली. मेंदी लावलेल्या हातांना कुणी काम सांगत नाही, आणि ते स्वतःलाही काही सांगू शकत नाहीत. माय झोक्यावर दोन हात उताणे मांडीवर ठेवून बसली. थोड्या वेळानं तिचे पाय उचलले गेले. मग तिची मान दोरीला टेकली. ती झोपली, आणि ऊन भिंतीवरून उतरून जाईपर्यंत झोपून राहिली. सुपडामावशी बाजूला बसून पदरानं माशा वारत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना बोटानं दटावत होती. मी मायच्या उजव्या हाताकडे बराच वेळ पाहत होते. तो फिरत नव्हता.

आपण दारवर आलोय आणि दारवरून मेंदी लावून परत जातोय, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं ते थेट परतीच्या गाडीत. मायनं तिकिटासाठी हात पुढं केला आणि तो लालभडक हात पाहून ती दगडासारखी झाली. साक्रीच्या स्टँडवर तिनं माती लावून हात चोळले. मग चिंच. मग एका टपरीवरून लिंबू घेतलं. मेंदी आणखीच उजळली. शेवटी तिनं हात पदरात गुंडाळले, आणि घरी पोचल्यावर पायसुद्धा न धुता परातीत पीठ घेतलं. पुढचे काही दिवस तिचे हात मनगटापर्यंत पिठात असायचे. नाना आत यायचे, भाकऱ्यांची चळत उचलायचे, एकदा हातांकडे बघायचे, जायचे. मला वाटायचं, त्यांना दिसलं नाही. मुलांना आईबापांविषयी जे वाटतं ते बहुतेक असंच चुकीचं असतं.

इकडे आमच्या पाठीमागे वेगळंच काही झालं होतं. खानावळ बंद, सणाची सुट्टी, जेवणारे सात-आठ लोक रिकामे. देवरेसाहेबांना अशी संधी पुन्हा मिळाली नसती. त्यांनी भोजन मंडळाची शोकसभा घेतली. दोन मिनिटं उभं राहण्यात आलं. ठराव झाला, त्यावर शिक्का मारला गेला, आणि तो सुवाच्य अक्षरांत भिंतीवर लागला: कै. सुपडाबाई यांच्या निधनाने खानदेश एका वत्सल मातेस मुकला आहे. तिला मूल नव्हतं, पण साहेबांनी तेवढी चौकशी कशाला करावी. फळ्यावर त्यांनी स्वतः 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं आणि तेराव्यापर्यंत तो पुसायचा नाही असं ठरलं होतं. घाईत फळ्याचा खालचा कोपरा पुसायचा राहिला होता. तिथं माझ्या अक्षरात 'सोबत कांदा व लिंबू' तसंच होतं. खुद्द नानांनी आखाजीला पितरांची घागर भरताना मावशीच्या नावानं वेगळा घास ठेवला होता. कावळ्यानं तो लगेच नेला, हे त्यांनी मायला दोनदा सांगितलं.

तेरावं अजून दोन दिवसांवर होतं. सकाळची पहिली पंगत बसली होती, नाना वरण वाढत होते, मी दाराआडून पाणी देत होते. दारात सुपडामावशी उभी राहिली. डोळ्यांना पाणी येतं म्हणून डॉक्टरला दाखवायला आली होती, डोक्यावर सांजोऱ्यांचं गाठोडं होतं. नानांच्या हातातली पळी तशीच राहिली आणि वरण कोर्टातल्या एका लिहिणाऱ्याच्या भातावरून वाहत जमिनीवर गेलं. पण बाकी कुणी तिला ओळखत नव्हतं. देवरेसाहेबांनी विचारलं, या बाई कोण.

"कमळनी मावशी शे मी," ती म्हणाली.

पंगत थांबली. साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मी भिंतीला चिकटले. माय आत होती. तिचा भाकरी थापण्याचा आवाज बंद पडला, आणि त्या घरात तो आवाज बंद पडणं म्हणजे काय ते मला शब्दांत सांगता येत नाही. नानांनी तिथं त्या क्षणी काहीही म्हणावं, ते सगळं भरल्या पंगतीसमोर होणार होतं. खोटं बोलणारी बाई म्हणून माय त्या गल्लीत राहिली असती, किंवा न राहिली असती.

नानांनी पळी वरणात परत ठेवली. "धाकट्या," ते म्हणाले. "सुपडाबाईंच्या धाकट्या बहीण."

आमचे नाना खोटं बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते. सुपडामावशीनं त्यांच्याकडे पाहिलं, दाराआडच्या माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच खाली बसली. देवरेसाहेब उष्ट्या हातानं उभे राहिले. त्यांनी भिंतीवरचा ठराव तिला मोठ्यानं वाचून दाखवला, वत्सल मातेसकट, मग त्यावर पाचेक मिनिटं बोलले. तिनं ते सगळं मान हलवत, मन लावून ऐकून घेतलं. मला वाटतं, आपल्याविषयीचं मृत्यूनंतरचं भाषण प्रत्यक्ष बसून ऐकलेली ती धुळे जिल्ह्यातली एकटीच असावी. भाषण संपल्यावर तिनं विचारलं, "बाई चांगली व्हती का?"

"देवमाणूस," साहेब म्हणाले.

"तोंडनी तिखट व्हती जराशी," सुपडामावशी म्हणाली, आणि गाठोडं घेऊन आत गेली.

पंगती उठल्या, पुढचं दार लोटलं, तेव्हा नाना आत आले. माय चुलीकडे तोंड करून बसली होती. हातावरचं पीठ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि भेगांतून मेंदीचा उतरता केशरी रंग दिसत होता. सुपडामावशी सांजोऱ्या सोडत होती. ती रागावली नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"माले कसाले मारं वं, कमळ?"

मायनं एक पऱ्हाटी चुलीत सारली. मग म्हणाली, "बठ्ठा मरी ग्यात, मावशी. तूच बाकी व्हती."

मारायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं; मी आज हे लिहिते तेव्हा मला त्या वाक्यातलं हसू दिसतं. तेव्हा कुणी हसलं नाही. नाना पाटावर बसले. आपण हात पहिल्याच दिवशी पाहिले होते, असं त्यांनी सांगितलं. दारवर मेंदी कुणी लावत नाही एवढं मला कळतं, म्हणाले. मग जरा ओशाळल्यासारखं असंही म्हणाले की ते तीन दिवस ते स्वतः दुपारी झोपले होते. दुखवटा म्हणून कुणी उठवायला आलं नाही. लग्न झाल्यापासून आपण दुपारी झोपलो नव्हतो, हे त्यांना उठल्यावर कळलं.

"म्हणजे आता तुझ्या माहेरचं कुणीच उरलं नाही?" त्यांनी मायला विचारलं.

"मी शे ना," सुपडामावशी म्हणाली. "पुढली आखाजीले परत मारा. माले सवय शे."

नाना हसले, पण ती हसण्यासारखं बोलली नव्हती, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी कडप्प्याच्या फरशीवर सांडलेलं पीठ उगाच बोटानं एका जागी गोळा केलं. मग म्हणाले, "मावशींना जगू दे. सोमवारी संध्याकाळी तुझा खाडा धरू."

माझ्या माहितीत आमच्या खानावळीत रांधणारीचा खाडा हा शब्द पहिल्यांदा तेव्हा उच्चारला गेला. पहिल्या सोमवारी नानांनी स्वतः खिचडी टाकली. ती खालून करपली, वरून कच्ची राहिली, आणि लोकांनी ती एक अवाक्षर न काढता खाल्ली. देवरेसाहेबांनी फळ्यावर 'सोमवार सायंकाळ : अन्नपूर्णा-विश्रांती' असं लिहिलं. मायनं ते माझ्याकडून वाचून घेतलं, मग पुसून घेतलं आणि तिथं नुसतं 'खिचडी' लिहायला लावलं. हे शहाणपण तिनं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तिला वाचताच येत नव्हतं.

कुणाला वाटेल, त्यानंतर दर सोमवारी ती ओट्यावर सुखानं बसली. तसं झालं नाही. पहिले कित्येक सोमवार तिनं शेजारणींचे तांदूळ निवडून दिले. मग नुसतीच येरझारा घालायची, आत डोकावून नानांना मीठ सांगायची. बसायला शिकायला तिला दोन वर्षं लागली असतील. मी जळगावला टेलिफोन कचेरीत नोकरीला लागल्यावर एकदा सोमवारी घरी आले, तेव्हा ती ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि समोरच्या भिंतीकडे पाहत होती. काय करतेस, विचारलं. काही नाही, म्हणाली, आणि ते इतकं सहज म्हणाली की मला हेवा वाटला. मला ते अजून जमलेलं नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी दुपारी आडवी झाले की माझा डावा हात कानाशी जातो आणि उजव्याची बोटं नंबर फिरवायला लागतात. नोकरीत असताना रजेच्या अर्जात मी कधीही कुणाला मारलं नाही, एवढं मात्र नमूद करते. त्याचा फायदा कुणाला झाला, ते माहीत नाही.

माय गेली ती जळगावला, माझ्या घरी, साध्या आजारानं, दुपारच्या झोपेत. तिनं मावशीला दिलेलं मरण शेवटी तिलाच मिळालं. तिसऱ्या दिवशी पिंपळनेरकडून एक जीप आली, आणि तिच्यातून दोघांनी धरून सुपडामावशीला उतरवलं. नव्वदीच्या जवळ आली होती, दिसत जवळजवळ नव्हतं. दारवर आलेल्या बायकांनी तिला जागा दिली, रिवाजाप्रमाणे रडायला सुरुवात केली. ती रडली नाही. हातानं चाचपत माझ्यापर्यंत आली, माझे दोन्ही हात उताणे करून मांडीवर घेतले, तळवे अंगठ्यानं चोळून पाहिले, आणि माझ्या कानाशी तोंड आणून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं,

"खरंच गयी का वं पोरी, का आखाजीले गयी?"